घरासाठी, ऑफिससाठी फायरवॉल कोणता घ्यावा?

घरात इंटरनेटचे कनेक्शन आले की केबलवाला भिंतीवर एक डबा लावतो, वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून देतो आणि निघून जातो. त्या डब्यात, म्हणजे राउटरमध्ये, फायरवॉल आधीपासूनच असतो. त्यामुळे दुकानात जाण्याआधी आपल्याकडे काय आहे ते बघून घ्या.

फायरवॉलचे काम सोसायटीच्या वॉचमनसारखे आहे. आतल्या माणसाने काही मागवले असेल तर तो ते आत सोडतो, न बोलावता आलेल्याला गेटवरूनच परत पाठवतो. पार्सल उघडून आत काय आहे हे मात्र साधा फायरवॉल बघत नाही. महागडे फायरवॉल ते बघतात, पण आता बहुतेक वेबसाइटची माहिती कुलूपबंद होऊनच जाते-येते, म्हणून त्यांनाही सगळे दिसत नाही. आणि खोट्या लिंकवर आपणच बोट ठेवले किंवा ओटीपी फोनवर सांगून टाकला, तर कितीही किमतीचा फायरवॉल उपयोगाचा नाही.

घरासाठी काय?

बहुतेक घरांना वेगळा फायरवॉल विकत घ्यायची गरज नसते. जो आहे तो नीट लावला की पुरे. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड (वायफायचा नव्हे, तो वेगळा) कंपनीने दिलेला असतो तसाच ठेवला जातो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने असेच कंपनीचे पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. म्हणून तो आधी बदला. रिमोट मॅनेजमेंट आणि यूपीएनपी हे दोन पर्याय बंद करा. आयपीव्ही६ सुरू असेल तर त्याचाही फायरवॉल चालू आहे ना, हे तपासा. सीसीटीव्ही आणि स्मार्ट टीव्ही गेस्ट वायफायवर टाका.

विंडोजमध्ये २००४ पासून, म्हणजे एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून, फायरवॉल आपोआप चालू असतो. पण प्रिंटर शेअर होत नाही म्हणून रिपेअरवाला तो बंद करतो आणि मग तो कायमचा बंदच राहतो. हे फार सर्रास चालते. मॅकवर तो बऱ्याचदा आपल्यालाच चालू करावा लागतो.

मुलांना घाण साइट दिसू नयेत म्हणून काही पालक फायरवॉल शोधतात. त्यासाठी राउटरमध्ये डीएनएस बदलून १.१.१.३ टाकले तरी बरेच काम होते. ही क्लाउडफ्लेअरची मोफत सेवा आहे. मोबाइल डेटावर मात्र ती लागू होत नाही.

ऑफिसचे गणित वेगळे

टूर्सवाल्याकडे शेकडो लोकांच्या पासपोर्टच्या कॉपी असतात, डॉक्टरकडे पेशंटचे रिपोर्ट, व्यापाऱ्याकडे सगळे खाते. नुकसान फक्त आपले होत नाही, ज्यांनी विश्वासाने कागद दिले त्यांचेही होते.

२७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ व्हायरस पसरला. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो आत शिरला आणि मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे कॉम्प्युटर बंद पडले. आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात त्याच समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. यातून घ्यायचे ते हे की, गेटवरचा वॉचमन चांगला असूनही चोर ओळखीच्या माणसाबरोबर आत येऊ शकतो. म्हणून ऑफिससाठी असा फायरवॉल घ्या ज्यात नेटवर्कचे भाग पाडता येतात. अकाउंटचा कॉम्प्युटर वेगळा, ग्राहकांचे वायफाय वेगळे, कॅमेरे वेगळे. याला व्हीलॅन म्हणतात.

दुसरे म्हणजे व्हीपीएन. सीए साहेबांना घरून टॅली बघायची असते म्हणून कोणीतरी ३३८९ नंबरचा पोर्ट इंटरनेटवर सरळ उघडून ठेवतो. फाइली लॉक करून पैसे मागणारे लोक हाच दरवाजा शोधत फिरत असतात. बाहेरून यायचे तर व्हीपीएननेच यायचे.

डीलर जो स्पीड सांगतो तो बहुतेकदा साध्या तपासणीचा असतो. व्हायरस तपासणी चालू केल्यावर तो खूप खाली येतो, तेव्हा तोच आकडा विचारा. डब्याच्या किमतीबरोबर दरवर्षीच्या लायसन्सची किंमतही विचारा. फोर्टिनेट, सोफॉससारख्या कंपन्यांच्या डब्यांत लायसन्स संपले की नव्या धोक्यांची यादी येणे थांबते. सेकंडहँड डबा स्वस्त पडतो, पण त्याला कंपनीचे अपडेट अजून येतात का हे बघितल्याशिवाय घेऊ नका.

पैसे कमी असतील तर पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स हे मोफत सॉफ्टवेअर आहे. दोन नेटवर्क कार्ड असलेल्या साध्या जुन्या पीसीवरही चालते. फक्त ते समजणारा एखादा मुलगा ओळखीत हवा, नाहीतर चुकीचा लावलेला फायरवॉल नसल्यासारखाच. आणि पासवर्ड त्याच्या एकट्याकडे ठेवू नका, लिहून तिजोरीत ठेवा. तो उद्या नोकरीसाठी दुबईला गेला तर ऑफिस अडून बसेल.