मलबारी मिरवेल : वाण आणि नावे

मिरीच्या व्यापाराचा इतिहास विपुल लिहिला गेला. मिरवेलीचा इतिहास मात्र त्या मानाने उपेक्षितच राहिला. केरळात एक आख्यायिका सांगतात. पोर्तुगीज मिरीचे वेल नेऊ लागल्याने मंत्री धास्तावला, तेव्हा कालिकतचा सामुदिरी हसला : वेल नेतील, पण आपला आर्द्रा नक्षत्राचा पाऊस कसा नेतील? कथा मोठी देखणी आहे; इतिहासाने मात्र ती खोटी पाडली. १९३३ मध्ये जपानी स्थलांतरितांनी सिंगापूरहून नेलेल्या मूठभर रोपांवर ब्राझीलमधील तोमे-असूच्या बागा उभ्या राहिल्या. मिरीची लागवड छाटकलमांनी होते. म्हणजे प्रत्येक वेल मातृवेलीची प्रतच. पुढे फ्युजेरियम बुरशी आली आणि या एकसारख्या बागा उद्ध्वस्त झाल्या.

पाऊस नव्हे, वैविध्य मागे राहिले होते. सह्याद्रीच्या रानात नर आणि मादी वेल बहुधा वेगळे असतात. एकाच फुलात दोन्ही अंगे असलेले वेल बागायतदारांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडले, आणि त्यांतून करिमुंडा, कोट्टनाडन, बालनकोट्टा असे वाण नावारूपाला आले. ‘कुतिरवाली’ म्हणजे घोड्याची शेपटी; लांब घोसाचे हे वर्णन कोणा वनस्पतिशास्त्रज्ञाचे नव्हे. ‘होर्तुस मलबारिकुस’च्या (१६७८–१६९३) बारा खंडांत रंगभट, विनायक पंडित आणि आप्पुभट या कोकणी ब्राह्मणांचे साहाय्य होते, त्यांचे प्रमाणपत्र देवनागरीत छापले गेले, वाणांची नावे मात्र प्रामुख्याने लोकांच्या तोंडीच जगली.

कण्णूर जिल्ह्यातील पन्नियूर केंद्राने उतिरनकोट्टा आणि चेरियकाणियक्काडन यांच्या संकरातून ‘पन्नियूर-१’ हा मिरीचा पहिला संकरित वाण सिद्ध केला. मोकळ्या उन्हात त्याचे उत्पन्न भरघोस; दाट सावलीत मात्र तो मागे पडतो, आणि केरळातील मिरी तर बहुधा झाडांच्या आश्रयानेच वाढते. शिवाय फायटोफ्थोरामुळे होणारी मर आहेच. तिला दाद न देणारी ‘पायपर कोलुब्रिनम’ ही जात दक्षिण अमेरिकेतली. तिच्या खुंटावर मिरीचे कलम बांधता येते, पण दोहोंचा संकर सहजी जुळत नाही.

म्हणून कोळिकोडच्या भारतीय मसाले संशोधन संस्थेने देशी वाण आणि रानवेल यांचा संग्रह केला. तेथे संशोधकापुढे येणारा पेच पाठचिकित्सकाला परिचित वाटेल : एकाच वेलीला गावोगावी निराळी नावे, तर एकाच नावाखाली निराळे वेल. जनुकीय चिन्हांनी वेलींचे नाते उलगडते. ‘करिमुंडा’ या नावाने एका गावाला नेमका कोणता वेल अभिप्रेत होता, हे मात्र त्या गावालाच विचारावे लागते.