दिवाळीच्या ताटाचा इतिहास

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत संस्थेचा अहवाल, गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव आणि दिवंगत ज्ञातिबांधवांस श्रद्धांजली यांना मानाचे स्थान असते, व ते योग्यच आहे. परंतु आपली कुटुंबे परस्परांशी ज्या धाग्याने पिढ्यान्‌पिढ्या बांधली गेली, त्या धाग्याविषयी या पानांतून क्वचितच लिहिले जाते. तो धागा म्हणजे विणलेल्या रुमालाखाली झाकून एका घरातून दुसऱ्या घरी जाणारे दिवाळीच्या फराळाचे ताट. सभा, ठराव व वर्गणी यांच्याही आधी समाज या ताटाने एकत्र आणला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. म्हणून यंदा या ताटाचा इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. ‘फराळ’ हा शब्द ‘फलाहार’ या संस्कृत शब्दापासून आला. मुळात तो व्रताच्या दिवशी घ्यावयाच्या हलक्या आहाराचा वाचक होता, व एकादशीच्या संदर्भात तो आजही त्याच अर्थाने वापरला जातो. तोच शब्द पुढे तुपातेलात तळलेल्या आणि साखरेत घोळलेल्या पदार्थांस लागावा, हा भाषेचा मोठा विनोद होय. मात्र या विनोदात एक इशाराही दडलेला आहे. त्याकडे आम्ही शेवटी वळू.

दिवाळी हा मुळात सुगीच्या सुमाराचा सण. भाताचे नवे पीक हाती आलेले असते व त्याचा पहिला मान देवाला आणि आप्तांना द्यावयाचा असतो. याची साक्ष कोकणात व गोमंतकात आजही मिळते. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले, पायाखाली कारीट फोडले, की घरोघर पोहे खाल्ले जातात. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गुळाचे, फोडणीचे असे त्यांचे कितीतरी प्रकार होतात, आणि पाहुण्याला त्यांतला प्रत्येक प्रकार चाखावाच लागतो. या पोह्यांत तळण नाही व साखरेचा भडिमारही नाही. आजच्या ताटातील चिवडा हा या पोह्यांच्याच कुळातला होय.

पक्वान्नांची परंपराही फार जुनी आहे. ऋग्वेदात ‘अपूप’ या घृतयुक्त पदार्थाचा उल्लेख आहे. अधिक मासात जे तेहतीस अपूपांचे दान सांगितले आहे, ते महाराष्ट्रात अनारशांच्या रूपाने जावयाच्या वाट्याला येते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्याच्या अन्नभोग प्रकरणात मांडे, वडे, इडरिका इत्यादिकांच्या कृती आहेत. त्यांतील ‘घारिका’ हे नाव वाचताच आपल्या घारग्यांची आठवण व्हावी. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्ते यांनी ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ लिहिला. त्यात पदार्थांच्या कृतींबरोबर त्यांच्या गुणदोषांचाही विचार आहे. रुची आणि आरोग्य यांची फारकत आपल्या पूर्वजांनी केली नव्हती, एवढे यावरून स्पष्ट होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक कै. प. कृ. गोडे यांनी हा ग्रंथ अभ्यासकांच्या नजरेस आणला, आणि जिलबीसारख्या पदार्थाचाही इतिहास शोधून विद्वानांनी स्वयंपाकघराकडे तुच्छतेने पाहू नये हा धडा घालून दिला.

परंतु आजचे ताट जसेच्या तसे वेदकाळापासून चालत आले, असा अभिमान कोणी बाळगू नये. शंकरपाळे हे नाव फारसी ‘शकरपारा’वरून आले. चिरोट्यांवर कर्नाटकाचाही आपल्याइतकाच हक्क आहे. चिवड्यातील मिरची, शेंगदाणे व काजू ही तिन्ही अमेरिका खंडाची देणगी असून ती पोर्तुगीजांच्या आगमनानंतर आपल्याकडे रुजली. म्हणजे ज्या चिवड्याला आपण अस्सल घरचा म्हणतो, त्यातील तिखटपणा शिवपूर्वकालात एक-दोन शतकांपलीकडे नेता येत नाही. परके ते पारखून घ्यावे, पचवावे आणि आपले करावे, हीच आपल्या गृहिणींची खरी परंपरा होय.

आता ताटाच्या प्रवासाविषयी. जुन्या काळी रोटीव्यवहाराची बंधने कडक होती व आपली ज्ञातीही त्यांस अपवाद नव्हती, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पाण्यात शिजवलेल्या अन्नाविषयीचे सोवळ्याचे नियम दुधातुपातल्या पदार्थांना तितके लागू नसत. प्रवासात पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या दशम्या बरोबर घेण्याची चाल यातूनच पडली. पुढे मुंबईच्या चाळींत निरनिराळ्या ज्ञातींची बिऱ्हाडे एकाच गॅलरीत नांदू लागली. एकमेकांच्या पंक्तीला बसण्यास जे अजून संकोचत होते, त्यांच्या मुलांनी दिवाळीची ताटे शेजारी पोहोचविली, आणि रिकामे ताट परत पाठवू नये या शिष्टाचारामुळे ती भरून परत आली. अनेक सभांना जे साधले नाही, ते या मुलांनी हसतखेळत केले. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ही गोष्ट मुद्दाम नोंदवावी असे आम्हांस वाटते. ज्ञातीचा जिव्हाळा म्हणजे ज्ञातीबाहेरच्यांविषयी दुरावा नव्हे, हे आपल्या आजी-पणजींनी ताटाच्या द्वारे शिकविले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी पाकशास्त्र छापखान्यात गेले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० साली निघाले, आणि स्वयंपाकावर अधिकारवाणीने बोलण्याचा मान स्त्रीकडे आला. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी व चमचा ही प्रमाणे घरोघर पोहोचविली. नव्या सुनेस अथवा सासरी निघालेल्या मुलीस हे पुस्तक भेट देण्याची प्रथाच पडली. दरम्यान १९५८ पासून दशमान वजने सुरू झाली होती, व जुन्या वह्यांतील शेर, मापटे, चिपटे नव्या मुलींना अनाकलनीय होऊ लागले होते. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर व चार शेरांची एक पायली, हे कोष्टक आज किती घरांत ठाऊक असेल?

विसाव्या शतकात ताटाच्या घटकांतही मोठी उलथापालथ झाली. १९३२ साली देशी साखरधंद्यास संरक्षण मिळाले आणि कारखाने झपाट्याने वाढले. १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे-पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि महाराष्ट्र साखरेचा प्रांत बनला. गुळाच्या अनेक पदार्थांत साखर शिरली ती याच काळात. १९३० नंतर डब्यातले वनस्पती तूप आले. साजूक तूप ज्यांना परवडत नव्हते त्यांच्याही घरी करंज्या खुसखुशीत झाल्या. पण या तुपावर बंदी असावी की नाही, हा वाद १९५० च्या सुमारास संसदेपर्यंत पोहोचला. महायुद्धात १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले. साखरेच्या त्या टंचाईत गृहिणीने कार्डावरची साखर महिनोन्‌महिने चिमटीने बाजूला काढून दिवाळी साजरी केली. फराळाचा आणि शिधापत्रिकेचा हा संबंध अगदी अलीकडेही दिसला. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने ‘आनंदाचा शिधा’ म्हणून रवा, चणाडाळ, साखर व पामतेल असा संच शंभर रुपयांत दिला. फराळाचे किमान साहित्य कोणते, याची जणू ती सरकारी नोंदच होय.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट मात्र अबोल राहिली, ती म्हणजे फराळ करणाऱ्या हातांचे कष्ट. अनारशाचेच पाहा. तांदूळ तीन दिवस भिजवावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, सावलीत सुकवून कुटावयाचे, गुळात मळून मुरत ठेवावयाचे आणि मग खसखशीवर थापून मंद आचेवर एकाच बाजूने तळावयाचे. जाळी पडली नाही अथवा अनारसा तुपात हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी उभे राही. आमच्या घरी आईची एक वही आहे. तिची पाने तुपाने पारदर्शक झाली आहेत, आणि बहुतेक कृतींच्या शेवटी ‘अंदाजाने’ एवढाच शब्द आहे. तो अंदाज आम्ही तिच्या हयातीत विचारून घेतला नाही. आज ती वही आहे, अंदाज गेला. ही हळहळ आमच्या एकट्याची नसावी.

आता त्या इशाऱ्याकडे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविले, की वरून घातलेली साखर एकंदर उष्मांकांच्या दशांशाहून कमी असावी, व विसांशाहून कमी असल्यास अधिक चांगले. म्हणजे दिवसाकाठी सुमारे २५ ग्रॅम. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप व ४०० ग्रॅम पिठीसाखर यांचे ४० लाडू केले, तर प्रत्येकात १० ग्रॅम साखर येते. तीन लाडवांत दिवसाची मर्यादा ओलांडली गेली, आणि शंकरपाळे व करंजी यांचा हिशेब अजून व्हावयाचाच आहे. गूळ घातला म्हणजे दोष गेला, असेही कोणी समजू नये. गुळाला स्वाद आहे, किंचित खनिजेही आहेत. परंतु मधुमेह्यास तोही साखरेसारखाच बाधतो.

याचा अर्थ फराळ सोडावा असा नव्हे. तो पुन्हा ‘फलाहारा’च्या जवळ न्यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. त्यासाठी परदेशी पदार्थ धुंडाळण्याचे कारण नाही. भाजक्या पोह्यांचा चिवडा थोड्या फोडणीत उत्तम होतो. डिंकाचे व अळिवाचे लाडू बाळंतिणीस आपण देतच आलो आहोत. नाचणीचा लाडू तर २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षाने पुन्हा मानास चढविला. खजूर, तीळ व सुकामेवा कुटून केलेल्या लाडवात वरून साखर लागत नाही, मात्र तो लहानच वळावा. वनस्पती तुपातील घातक स्निग्धांशावर २०२२ पासून शेकडा दोन ही कायद्याची मर्यादा आहे. तरी करंजीला थोडे पण साजूक तूपच वापरावे हे उत्तम. तेल नीट तापल्याखेरीज चकली सोडू नये, कारण कोमट तेलात ती तेल पिते. आणि एकदा काळे पडलेले तेल पुन्हा तळणीस घेऊ नये. मुख्य म्हणजे लाडू आकाराने लहान करावेत व ताटात मोजके ठेवावेत. ताटाचा मान ढिगाने वाढत नाही.

भेटींविषयीही दोन शब्द. भाऊबीज, पाडवा, दिवाळसण या निमित्तांनी आपण वस्त्रे व दागिने देतो; पण जिच्या हातचे वर्षभर खातो, तिच्या कामाला उपयोगी पडेल असे काय देतो? पूर्वी रुखवतात पितळी सोऱ्या, करंजीचे कातणे, झारा, पुरणयंत्र मांडीत. ती केवळ शोभा नव्हती, नव्या संसाराची अवजारे होती. आज जाड बुडाची कढई, वजनाचा छोटा काटा, अथवा आईच्या वहीची सुवाच्य अक्षरांत केलेली प्रत, ही भेट दागिन्याहून मोलाची ठरेल. आणि सर्वांत मोठी भेट पुरुषांच्या हाती आहे; ती म्हणजे चकल्या पाडण्यास एक दुपार शेजारी बसणे. त्यास पैसा पडत नाही.

एका ताटाचा उल्लेख मात्र केल्यावाचून राहवत नाही. ज्या घरी वर्षात मृत्यू झाला असेल, त्या घरी दिवाळीला कढई चढत नाही. अशा घरी आप्तांनी व शेजाऱ्यांनी फराळ पोहोचवावा, ही आपली रीत. त्या ताटात किती प्रकार आहेत हे कोणी मोजीत नाही. दाराशी उभे राहून दोन शब्द बोलले जातात, ताट आत जाते, आणि दुःखी घराला कळते की आपण एकटे नाही. विकतचा डबा पाठविल्यानेही पदार्थ पोहोचतील, व महिला मंडळांकडून घेतलेल्या फराळाने कष्टाळू भगिनींच्या संसारास हातभार लागेल, हेही खरे. परंतु ते ताट घेऊन कोणीतरी स्वतः गेले पाहिजे.

म्हणून आमची ज्ञातिबंधुभगिनींस विनंती आहे, की या दिवाळीत प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रीजवळ बसून निदान एक कृती वजनमापासह लिहून घ्यावी आणि संस्थेकडे पाठवावी. त्यांचा संग्रह पुढेमागे छापता येईल. न आला, तरी तेवढी संध्याकाळ तिच्याजवळ बसण्यात गेली, हा लाभ कमी नव्हे. ‘अंदाजाने’ या शब्दाचा अर्थ सांगणारी माणसे घरात आहेत तोवरच तो विचारून घ्यावा. सर्व ज्ञातिकुटुंबांस ही दीपावली आरोग्याची व गोडव्याची जावो, हीच श्रीचरणी प्रार्थना.