विरघळणारे टाके आणि लिस्टरचं वासरू

गेल्या पावसाळ्यात सौ.चं पोटाचं ऑपरेशन झालं. टाके काढायला परत कधी यायचं, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "आतले आपोआप विरघळतात, काका." रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमीला घरी येईपर्यंत डोक्यात एकच घोळत होतं. हे विरघळतात, असं पहिल्यांदा कळलं कसं?

हयात शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. लिस्टर म्हणजे कार्बोलिक ॲसिड, दोन मार्कांचा प्रश्न! त्याचं वासरू काही मी शिकवलं नव्हतं.

त्या काळी रक्तवाहिनी रेशमी दोऱ्याने बांधत आणि दोऱ्याची टोकं जखमेबाहेर लोंबत ठेवत. दोरा कुजून सुटेपर्यंत जखम पिकायची, कधी सुटताना रक्त जाऊन माणूस दगावायचा. ३१ डिसेंबर १८६८ रोजी लिस्टरने एका वासराच्या मानेतली धमनी दोन ठिकाणी बांधली. एक गाठ बैलाच्या पोटातल्या पडद्याच्या पट्टीची, दुसरी कॅटगटची. (नावात मांजर असलं तरी ही मेंढीच्या आतड्याची तात बरं का.) दोन्ही कार्बोलिकमध्ये भिजवलेल्या. टोकं आखूड कापून जखम शिवून टाकली. महिन्याने वासरू मारून पाहिलं, तर पू नाही. गाठींच्या जागी जिवंत मांसाचा पट्टा!

हे सौ.ला सांगितलं, तर म्हणाली, "बरी झालेली जखम बघायला वासरू मारलं?" आमच्याकडे पूर्वी गोठा होता, त्यामुळे तिला ते लागलं. आत बघायला तेव्हा दुसरा उपाय नव्हता, एवढंच मी म्हणालो.

आपल्या सुश्रुताने तर फाटलेलं आतडं जोडायला काळे मुंगळे डसवून त्यांची नुसती डोकी आत ठेवायला सांगितलं आहे. असो.

पण वासराने सगळं सांगितलं नव्हतं. माणसाच्या जखमेत साधी तात फार लवकर मऊ पडे. मग लिस्टरने क्रोमिक ॲसिडने ती टिकाऊ केली. १९७० च्या सुमारास कारखान्यात बनवलेले विरघळणारे धागे आले.

अलीकडे हेच हृदयाच्या बाबतीत घडलं. 'ॲब्सॉर्ब' नावाचा विरघळणारा स्टेंट डुकरांच्या धमन्यांत तीनेक वर्षांत नाहीसा झालेला दिसला. २०१६ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली आणि २०१७ मध्ये विक्री थांबली, कारण माणसांत त्यावर धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त गुठळ्या होत होत्या. डुक्कर खोटं बोललं नव्हतं. त्या निरोगी धमन्या, आमच्यासारख्यांच्या सत्तर वर्षं गंजलेल्या!

माझी नात औषधशास्त्र शिकते. तिच्याकडे उंदराच्या कातडीखाली पॉलिलॅक्टिक ॲसिडची चकती ठेवतात. आधी सूज येते, मग पांढऱ्या पेशी गोळा होतात, चकतीभोवती पातळ वेष्टण तयार होतं. चकती हळूहळू फुटून लॅक्टिक ॲसिड होतं, जे आपल्या स्नायूंतही तयार होतं, आणि शेवटी पाणी नि कार्बन डायऑक्साइड. प्रयोगाआधी समितीची परवानगी लागते, किती उंदीर आणि का, हे लिहून द्यावं लागतं.

मुदत संपली की उंदीर मारून आत बघतात. त्या दिवशी तिचा फोन येत नाही. सौ.ला आता ते कळतं, तीही करत नाही.