साधी फोर्ड आणि वेगाचे वेडे

जुन्या मोटारगाड्यांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस उभ्या राहतात. परंतु सामान्य माणसाला यंत्राशी झटायला ज्या गाड्यांनी शिकवले, त्या अगदी साध्या होत्या. त्या म्हणजे १९२० च्या दशकातील चार सिलिंडरच्या फोर्ड गाड्या. या गाड्या कारखान्यातून निघाल्या तशाच जतन करणारे आणि इंजिन उघडून त्यांचा वेग वाढवणारे, असे दोन पंथ अमेरिकेत आजही आहेत. वेग वाढवलेल्या गाडीला तिकडे ‘हॉट रॉड’ म्हणतात. या दोन पंथांतील वाद जुना आहे. आपल्यापैकी ज्यांची हयात लेथ, पाना आणि ग्रीस यांच्या संगतीत गेली, त्यांना तो आपलाच वाटेल.

शेतकऱ्याची गाडी

हेन्री फोर्ड यांचे ‘मॉडेल टी’ १ ऑक्टोबर १९०८ रोजी बाजारात आले. सुरुवातीची किंमत ८५० डॉलर होती. १९१३ मध्ये हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणी-साखळी सुरू झाली आणि किमती उतरत गेल्या. १९२० च्या दशकाच्या मध्यास सर्वांत स्वस्त टी २६० डॉलरला मिळू लागली. मे १९२७ मध्ये दीड कोटीवी गाडी बाहेर पडली आणि टीचे उत्पादन थांबले.

हे इंजिन २.९ लिटरचे, पण शक्ती फक्त २० अश्वशक्ती. गाडी ताशी ६५-७० किलोमीटरच्या वर जात नसे. मात्र तिच्या रचनेत एक गंमत होती. चारही सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात होते आणि वरचे हेड बोल्टने बसवलेले, वेगळे निघणारे होते. त्या काळच्या अनेक इंजिनांत हेड आणि सिलिंडर एकाच ओतीव तुकड्यात असत. फोर्डने हेड वेगळे ठेवले ते दुरुस्तीच्या आणि उत्पादनाच्या सोयीसाठी. पण त्यामुळेच उद्योगी माणसांना वाट मिळाली.

टीचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ठोकळ्यातच होते. मूळ हेड म्हणजे स्पार्क प्लगची भोके असलेले झाकणच. हे झाकण काढून त्याजागी डोक्यावर व्हॉल्व्ह असलेले नवे हेड बसवले की पेट्रोल-हवेचे मिश्रण सरळ वाटेने आत येते, जळलेला वायू मोकळेपणाने बाहेर पडतो आणि दाबाचे प्रमाणही वाढवता येते. खालचे इंजिन तेच राहून ताकद मात्र वाढते.

शेवरोले यांनी पळवली फोर्ड!

अशी हेड बनवणाऱ्यांत सर्वांत गाजले ते ‘फ्रॉन्टेनॅक’. ती बनवणारे होते लुई आणि आर्थर शेवरोले हे भाऊ. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले लुई हे नामांकित शर्यतपटू. १९११ मध्ये विल्यम ड्युरंट यांच्याबरोबर त्यांनी मोटार कंपनी काढली, पुढे मतभेद होऊन ते बाहेर पडले आणि त्यांचे नाव मात्र कंपनीकडेच राहिले. धाकटे भाऊ गॅस्टन यांनी १९२० ची इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या एका शर्यतीत त्यांना मृत्यू आला. त्यानंतर उरलेल्या दोघा भावांनी फोर्ड टीसाठी फ्रॉन्टेनॅक हेड विकायला काढली. १९२३ च्या इंडियानापोलिस शर्यतीत एल. एल. कोरम यांनी हे हेड बसवलेली फोर्ड पाचव्या क्रमांकावर आणली. खास शर्यतीसाठी घडवलेल्या महागड्या गाड्यांच्या मेळाव्यात शेतकऱ्याच्या गाडीचे इंजिन पाचवे आले! ज्यांच्या नावाची कंपनी बाजारात फोर्डशी झुंजत होती, त्या शेवरोलेंनीच फोर्डला पळायला शिकवले.

रॅसिन गावी जो यागर्सबर्गर यांनी ‘राजो’ हेड काढले. गावाचे ‘रा’ आणि स्वतःचे ‘जो’ मिळून हे नाव झाले, आपल्या राजाशी त्याचा संबंध नाही. लॉस एंजेलिसकडे एड विनफिल्ड हे कार्ब्युरेटर आणि कॅमशाफ्ट यांचे जादूगार मानले जात. आजही अनेकजण त्यांना हॉट रॉडिंगचे जनक म्हणतात.

धुळीचे मैदान

डिसेंबर १९२७ मध्ये फोर्डने ‘मॉडेल ए’ लोकांसमोर आणले. ३.३ लिटर, ४० अश्वशक्ती, तीन गिअर, चारही चाकांना ब्रेक आणि ताशी सुमारे १०५ किलोमीटर वेग. १९३२ पर्यंत या गाड्या ४८ लाखांवर तयार झाल्या. दाबाचे प्रमाण केवळ ४.२२ होते, म्हणजे सुधारणेला भरपूर वाव होता. जॉर्ज रायली यांची हेड आणि ‘क्रेगार’ हेड ही या इंजिनाची नावाजलेली आभूषणे.

कॅलिफोर्नियातील तरुणांना या गाड्या जुन्या बाजारात आणि भंगारात सहज मिळत. मडगार्ड, टप, काच उतरवून ते गाडी हलकी करत आणि मोहावे वाळवंटातील म्युरॉक या कोरड्या तळ्यावर घेऊन जात. तळ सपाट आणि टणक, अडवायला कोणी नाही. पण अनेक गाड्या एकदम सुटत. पुढच्याची धूळ मागच्याच्या डोळ्यांत जाई आणि अपघात होत. कोणाचा तरी जीव जाईल आणि पोलीस सगळेच बंद करतील, ही भीती होती. म्हणून १९३७ मध्ये क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. नियम, गाड्यांची तपासणी आणि अचूक वेळमापन सुरू झाले. ही संस्था आजही शर्यती भरवते.

१९३२ मध्ये फोर्डचे स्वस्त व्ही-८ इंजिन आले आणि चार सिलिंडरचे दिवस भरले. तरी चांगली जमवलेली चारची गाडी पुढे काही वर्षे व्ही-८ ला तळ्यावर पाणी पाजत असे. दुसऱ्या महायुद्धात म्युरॉक लष्कराकडे गेले. आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे.

जतन की बदल?

मॉडेल टी आणि ए यांच्या बेअरिंगमध्ये बॅबिट हा पांढरा धातू असतो. कथील, तांबे आणि अँटिमनी वितळवून तो थेट ठोकळ्यात ओतायचा, मग कोरून शाफ्टशी जुळवायचा आणि पातळ पत्र्यांच्या शिम घालून फट राखायची. हे हाताचे काम आहे आणि ते नीट करणारे कारागीर कमी होत चालले आहेत. शिवाय ए मध्ये कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला तेल पोहोचते ते शिंतोड्यांनी, दाबाने नाही. वेग वाढवायचा तर क्रँकशाफ्टला छिद्रे पाडून दाबाचे वंगण द्यावे लागते आणि शाफ्टला प्रतिभार जोडावे लागतात.

जतनवाले म्हणतात, एकदा छिद्र पाडले की मूळ वस्तू गेली. वेगवाले म्हणतात, कोपऱ्यात झाकून ठेवलेली गाडी ही गाडीच नव्हे. दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. पण इतिहास पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. या गाड्यांत फेरबदल करणे ही आजची टूम नाही, ते त्या काळातच सुरू झाले होते. १९२३ चे फ्रॉन्टेनॅक हेड मूळ फोर्डइतकेच ऐतिहासिक आहे. ते काढून फेकणारा ‘शुद्ध’ जतनकार स्वतःच इतिहास पुसतो, आणि अखेरची धड राहिलेली मूळ गाडी कापणारा वेगवालाही तेच करतो. म्हणून शहाणे लोक सुवर्णमध्य काढतात. जोडायचे ते त्याच काळातील किंवा त्याच धाटणीचे भाग जोडायचे, काढलेला भाग जपून ठेवायचा आणि पुन्हा पहिल्यासारखे करता येईल एवढेच बदलायचे.

फोर्डची भारतीय कंपनी १९२६ मध्ये स्थापन झाली आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. त्यामुळे त्या पिढीतील एखादी गाडी, निदान तिचे इंजिन, आपल्याकडेही कुणाच्या गोठ्यात किंवा जुन्या गॅरेजात पडलेले असू शकते. तसे आढळले तर आधी पाना नको, कॅमेरा हातात घ्या. प्रत्येक भागाचे छायाचित्र काढा, निघालेला बोल्टसुद्धा चिठ्ठी लावून डब्यात ठेवा आणि गाडी कोणी, कधी, कशासाठी वापरली ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा. बॅबिट पुन्हा ओतता येते, पण त्यांच्याबरोबर गेलेली माहिती पुन्हा मिळत नाही.