सशांचे डोळे आणि इंग्रजीचे मास्तर

गेले दोन शनिवार पीटर सिंगरचं 'एथिक्स इन्टू अ‍ॅक्शन' घेऊन बसलोय. सिंगर म्हणजे 'अ‍ॅनिमल लिबरेशन' लिहिणारा तत्त्वज्ञ. पण हे पुस्तक तत्त्वज्ञानाचं नाही, त्याच्या एका विद्यार्थ्याचं चरित्र आहे. आणि विद्यार्थी गुरूपेक्षा १९ वर्षांनी मोठा!

हेन्री स्पिरा. १९२७ साली बेल्जियममधल्या अँटवर्पला ज्यू कुटुंबात जन्म, मग पनामा, मग न्यूयॉर्क. पुढे माणसाने काय काय करावं! मालवाहू जहाजावर खलाशी, जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामगार, ट्रॉट्स्कीवादी पक्षाचा कार्यकर्ता. मॅकार्थीच्या काळात 'धोकादायक' ठरला आणि जहाजावरचं काम बंद झालं. दक्षिणेत कृष्णवर्णीयांचे बस-बहिष्कार चालू होते तेव्हा हा तिथे जाऊन डाव्या साप्ताहिकासाठी बातम्या लिहीत होता. एफबीआयने फाइल उघडली हे सांगायला नकोच. १९६६पासून मात्र मॅनहॅटनच्या एका सरकारी शाळेत गरीब मुलांना इंग्रजी शिकवायला लागला.

तर झालं असं, की १९७३च्या सुमारास कुणीतरी आपलं मांजर याच्या गळ्यात मारलं. त्याच सुमारास सिंगरचे विचार कानावर आले आणि १९७४ साली हे मास्तर न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत सिंगरच्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊन बसले. डाव्या मित्रमंडळींत तेव्हा प्राण्यांचा विषय म्हणजे चेष्टेचा विषय. स्पिराचा हिशोब सरळ होता: आयुष्यभर दुबळ्यांच्या बाजूने उभं राहिलो, मग ज्यांना युनियनसुद्धा काढता येत नाही त्यांच्या बाजूने का नाही?

इथपर्यंत ठीक. असे कळवळ्याचे लोक पुष्कळ असतात. मला धरून ठेवलं ते पुढच्या भागाने.

अमेरिकेत प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध शंभर वर्षं आरडाओरडा चालू होता आणि प्रयोगांची संख्या वाढतच होती. स्पिराने सगळं सोडून एकच प्रयोगशाळा धरली. न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये (हो, तेच डायनॉसॉरवालं) मांजरांना आंधळं करून, मेंदूचे भाग काढून, त्यांच्या लैंगिक वागणुकीवर काय परिणाम होतो हे वर्षानुवर्षं बघत होते. सरकारी पैशांवर! माहितीच्या अधिकारासारखा तिथला कायदा वापरून त्याने कागद बाहेर काढले. १९७६च्या उन्हाळ्यापासून वर्षभराहून जास्त काळ दर वीकेंडला म्युझियमच्या दारात निदर्शनं. एड कॉच नावाचे खासदार स्वतः प्रयोगशाळा बघून आले आणि काँग्रेसमध्ये बोलले. १९७७ साली प्रयोग बंद.

किती मांजरं वाचली? तशी फार नाहीत. पण ही लढाई जिंकता येते हे पहिल्यांदाच दिसलं. आमच्या धंद्यात 'अख्खी सिस्टिम नव्याने लिहू' म्हणणारे कसे असतात आणि एक बग धरून तो खरोखर मिटवणारे कसे असतात, ते आठवलं. असो.

मग आले ससे. ड्रेझ टेस्ट ही १९४४ साली जॉन ड्रेझ या सरकारी शास्त्रज्ञाने बसवलेली पद्धत. सशाला नुसतं डोकं बाहेर राहील अशा खोक्यात अडकवायचं, एका डोळ्यात रसायन घालायचं आणि काही दिवस नोंदी करायच्या. लाली, सूज, व्रण. दुसरा डोळा तुलनेसाठी.

हे बहुतेक मोठ्या कॉस्मेटिक कंपन्या करत होत्या. स्पिराने रेव्हलॉन निवडली, कारण सौंदर्य विकणाऱ्या नावाशेजारी आंधळा ससा कुणालाच पाहवणार नाही. मागणी तरी काय? टेस्ट बंद करा अशी नव्हतीच. पर्याय शोधायच्या संशोधनाला पैसे द्या, एवढीच. वर्षभर गोडीत बोलून झालं, कंपनी ढिम्म. १५ एप्रिल १९८० रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात आली: सौंदर्यासाठी रेव्हलॉन किती सशांना आंधळं करते? पाठोपाठ सशाचे कपडे घालून लोक कंपनीच्या ऑफिसखाली. (ते ऑफिस जनरल मोटर्स बिल्डिंगमध्ये होतं. जुन्या कामगाराला काय वाटलं असेल!)

डिसेंबरमध्ये रेव्हलॉनने रॉकफेलर युनिव्हर्सिटीला तीन वर्षांसाठी साडेसात लाख डॉलर जाहीर केले. एव्हॉन वगैरे मागोमाग आले, १९८१ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये पर्यायी चाचण्यांचं केंद्र उघडलं. आणि स्पिराने काय करावं? रेव्हलॉनचं जाहीर कौतुक!

इथे त्याच्याच चळवळीतले लोक भडकले. शत्रूशी हातमिळवणी म्हणाले. मला त्यांचा राग समजतो. रेव्हलॉनने प्राण्यांवरच्या चाचण्या बंद केल्या त्या १९८९ साली. नऊ वर्षं! त्या नऊ वर्षांतल्या सशांना संशोधनाच्या निधीचं काय कौतुक? पण १९८० साली 'आजच बंद करा' म्हणून कोण ऐकणार होतं? पर्याय हातात नसताना कंपनी औषधप्रशासनाकडे बोट दाखवून मोकळी झाली असती. माझं मत स्पिराकडे झुकतं, पण त्या नऊ वर्षांवरून नजर हटत नाही. आपल्याकडे कॉस्मेटिक्सच्या अशा चाचण्यांवर बंदी आली २०१४ साली, युरोपने अशा चाचण्या केलेल्या मालाच्या विक्रीवर पूर्ण बंदी घातल्यानंतर एका वर्षाने.

पुढे मास्तरांनी शाळा सोडली आणि हेच पूर्णवेळ केलं. १९९८ साली गेले तोवर मोठी संघटना नाही, चकचकीत ऑफिस नाही. अप्पर वेस्ट साइडला जुन्या भाड्याचा एक फ्लॅट, तेच घर, तेच ऑफिस, आणि कागदांच्या ढिगांवर पाय देत फिरणारी मांजरं.