खानदेशचें रोशा-तेल

तेल हा आपल्या घरांतील मोठ्या विश्वासाचा शब्द. तिळाचें तेल आपण खातों, खोबरेल डोक्याला लावतों, तान्ह्या बाळाच्या टाळूवरही तेलच घालतों. त्याच विश्वासानें आमच्या शिरूर-दौंडकडील घरांत सुगंधी तेलांच्या चिमुकल्या बाटल्या आतां शिरल्या आहेत, आणि घोटाळा होतो तो येथेंच. हें तेल त्या जातीचें नव्हे. तो वनस्पतीचा कडक अर्क होय.

तो किती कडक, हें त्याच्या जन्मावरून कळेल. दौंडहून मनमाडला जाणारा लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला. त्या मनमाडच्या पलीकडे खानदेश. आणि तेथील डोंगरउतारांवरील रोशा गवताचें तेल हा आपल्या मुलुखांतील या धंद्याचा जुना दाखला. पावसाळा सरून गवत फुलावर आलें, कीं ओढ्याकांठीं भट्ट्या लागत. चुलाणावर मोठें भांडें, त्यांत दाबून भरलेलें गवत व पाणी, झांकणाच्या फटी पिठानें लिंपलेल्या. झांकणांतून निघालेली बांबूची नळी गार पाण्यांत ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यांत उतरे. तेथें वाफ निवली, कीं पाण्यावर तेल तरंगे. शंभर किलो हिरव्या गवतामागें किलोभर तेलही निघणें कठीण!

पुढें हा माल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या वाटेनें कॉन्स्टॅन्टिनोपलला जाई, व बल्गेरियांतील गुलाबाच्या अत्तरांत मिसळला जाई. कारण जिरॅनिऑल हें द्रव्य दोहोंतही आहे. युरोपांत त्याला ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणत. गवत खानदेशचें, नांव तुर्कस्तानचें! भूगोलाच्या तासाला नकाशावर दाखवावा असाच हा प्रवास. मौज अशी, कीं या भेसळीच्या मालांतही पुष्कळदा टर्पेंटाइनची भेसळ असे.

सांधे धरले असतां रोशा-तेल चोळण्याची चाल जुनी आहे. पण जाणतीं माणसें तें गोड्या तेलांत मिसळूनच चोळीत. नवशिक्यानें तेंच प्रमाण मानावें : चहाच्या चमचाभर खोबरेलांत एक थेंब, फार तर दोन. प्रथम हाताच्या आंतल्या बाजूस लावून एक दिवस थांबावें. लाली वा खाज आल्यास तें तेल आपलें नव्हे. डोळ्यांपासून दूर ठेवावें. तान्ह्या मुलाच्या नाकाशीं नीलगिरी तेल वा कापूर मुळींच नेऊं नये. नीलगिरी तेल चमचाभर पोटांत गेलें, तरी लहान मुलाला गुंगी व झटके येऊं शकतात. अशा वेळीं ओकारी न काढवितां थेट रुग्णालय गाठावें. बाटली कुलपांत हवी.

आणि विकत घेतलेल्या मालाची परीक्षा? कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून तो वाळूं द्यावा. तेलकट डाग तसाच राहिला, तर त्यांत गोडें तेल मिसळलें असावें. टर्पेंटाइन मात्र या परीक्षेंत सांपडत नाहीं. तें स्वतःच उडून जातें.