कोणाच्या वतीने विचारता?

दवाखान्यात औषध का नाही, घरकुलाचा हप्ता कुठे अडला, मंजूर झालेला निधी गेला कुठे, हे सभागृहात उभं राहून सरकारला विचारायचा प्रघात आपल्याकडे इंग्रजांच्या पार्लमेंटवरून आला, असं शाळेत शिकवतात. कायद्यापुरतं ते बरोबर आहे. पण या प्रघाताचं मराठी कूळ शोधायचं असेल तर स्वारगेटला एसटीतून उतरावं आणि पर्वतीकडे तोंड करावं. तिथे सुरुवात झाली ती देवाच्या हिशेबापासून.

पर्वतीवरचं देवदेवेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं. १८१८ ला पेशवाई बुडाली, तरी संस्थानची नेमणूक इंग्रज सरकारने चालू ठेवली आणि कारभार पंचांकडे गेला. पुढे या पंचांविषयी पुण्यात कुरकुर सुरू झाली. तक्रारदारांत पुढे होते वकील गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका.

आता पंचांच्या कारभाराबद्दल नुसता अर्ज करणं सोपं होतं. पण अर्जदाराला सरकार पहिला प्रश्न काय विचारणार, हे वकिलाला पक्कं ठाऊक असतं: तुम्ही कोण, आणि कोणाच्या वतीने बोलता? २ एप्रिल १८७० ला पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली, ती या प्रश्नाचं उत्तर खिशात घेऊनच. सहा हजार लोकांनी निवडलेले ९५ सभासद. सभासद व्हायचं तर किमान पन्नास सज्ञान माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं, असा नियम. कायदेमंडळात हिंदी माणसाला निवडून जायची सोय नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. कोर्टकचेरीतला रोजचा कागद काकांनी राजकारणात आणला. खादी नेसून १८७७ च्या दिल्ली दरबाराला गेलेले काका सगळ्यांना आठवतात. माझ्या मते त्यांची मोठी करामत हे मुखत्यारपत्रच.

देवळाचा हिशेब मागायला जमलेली सभा वर्षा-दोन वर्षांत सरकारी तिजोरीपर्यंत पोचली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये पुण्यात आले आणि सभेच्या कामाला आकड्यांची शिस्त लागली. १८७५ मध्ये तर थेट ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानला प्रतिनिधी हवेत, असा अर्ज गेला. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली. सरकारने दुष्काळासाठी पाठवलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली होती. एवढ्यावर खडी फोडणारा माणूस जगेल का, हे सभेने सरकारला लिहून विचारलं. लोकांचं आरोग्य आणि सरकारचा खर्च या दोन्हींची सांगड त्या पत्रव्यवहारात आहे.

सभागृहात प्रश्न विचारायचा हक्क मिळाला तो १८९२ च्या कायद्याने, तोही कोत्या मनाने. आधी नोटीस द्यायची, मिळेल ते उत्तर ऐकून खाली बसायचं. उपप्रश्न नाही. अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. १८९५ मध्ये टिळक मुंबई कायदेमंडळात गेले, १८९९ मध्ये गोखले.

मधल्या काळात प्लेग आला. १८९७ च्या वसंतात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे सोल्जर पुण्यात घरोघर शिरत होते. गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला लंडनला गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी सोल्जरांच्या अत्याचारांविषयी तिथल्या वर्तमानपत्रात लिहिलं. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, पत्रं लिहिणारे पुढे येईनात, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. कोणी याला मानहानी म्हणतात, कोणी सज्जनपणा. मला त्यात काकांचा नियम दिसतो: कोणाच्या वतीने बोलतो याचा कागद हातात नसेल, तर खरी तक्रारसुद्धा उघड्यावर पडते.

२६ मार्च १९०२ ला कलकत्त्यात गोखले वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलले, तेव्हा त्यांच्याकडे कागदांची कमी नव्हती. दुसरे गणेश जोशी, म्हणजे अर्थशास्त्री गणेश व्यंकटेश जोशी, यांचे आकडे त्यांच्या पाठीशी होते. दुष्काळाने आणि प्लेगने माणसं मरत असताना तिजोरीत शिल्लक पडते, म्हणजे कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातोय, असा सरळ हिशेब त्यांनी मांडला. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला. सभागृहातली बाकीची हत्यारं हळूहळू आली: उपप्रश्नाची मुभा १९०९ ची, लोकलेखा समिती १९१९ च्या सुधारणांनंतरची, लक्षवेधी सूचना तर १९५४ ची, लोकसभेतली देशी उपज.

पण मुखत्यारपत्रावर सह्या कोणाच्या होत्या, हेही पाहायला हवं. सभेत वजन होतं ते सरदार, इनामदार, सावकार आणि वकील मंडळींचं. ज्या पर्वतीचा हिशेब मागायला ही सभा निघाली, तिच्या पायऱ्या चढायला १३ ऑक्टोबर १९२९ ला दलित सत्याग्रही निघाले. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज त्यांत होते. काकासाहेब गाडगीळ आणि एस. एम. जोशी सोबत होते. वरून दगड आले. आणि मुंबई कायदेमंडळात अस्पृश्यांच्या वतीने बोलणारे डॉ. आंबेडकर तेव्हा सरकारनियुक्त सभासद होते. त्यांच्यामागे लाखो माणसं होती, पण कागद गव्हर्नरचा!

२७ सप्टेंबर २०१८ ला पर्वतीच्या याच परिसरात, दांडेकर पुलाजवळ, मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि वस्तीत पाणी घुसलं. भांडी, धान्य, शाळेची पुस्तकं, रेशनकार्डं वाहून गेली. उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भिंत पोखरली असावी, असं तेव्हाचे जलसंपदामंत्री गिरीश महाजन म्हणाले. बिचाऱ्या खेकड्यांना उपप्रश्न विचारता येत नाही. कालवा पाटबंधारे खात्याचा, म्हणजे विचारायचं विधानसभेत. वस्ती महापालिकेच्या हद्दीत, म्हणजे नुकसान, घरं, साथीचे आजार यांचं विचारायचं महापालिकेच्या मुख्य सभेत.

आणि मार्च २०२२ मध्ये ती मुख्य सभाच संपली. नगरसेवकांची मुदत उलटली, प्रशासक आले, निवडणुका लांबत गेल्या. महापालिकेची अंदाजपत्रकं एकाच अधिकाऱ्याने मांडायची आणि त्यानेच मंजूर करायची, असं जवळजवळ चार वर्षं चाललं. स्वारगेट-पर्वतीच्या माणसाला ड्रेनेजचं, दवाखान्याचं, पुनर्वसनाचं काही विचारायचं तर हाती उरला अर्ज, आवक-जावक नोंदवहीतला शिक्का आणि माहिती अधिकाराचा फॉर्म. १८७० च्या आधीचा पुणेकर यापेक्षा फार वेगळ्या जागी नव्हता. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि पुण्याला पुन्हा नगरसेवक मिळाले. मधल्या वर्षांत खर्च झालेल्या पैशाबद्दल यांतला कोण विचारणार, आणि उत्तर द्यायला कोणाला उभं करणार, हे अजून बघायचंय.